मोठ्याचा सर्व्हर, धाकट्याचे डबे

"आत काहीच नाही म्हणता, मग बिघडते काय?"

नोकरीच्या पहिल्या वर्षांत हा प्रश्न मला पांढुर्ण्याच्या संत्रा-अडतदारापासून सौसरच्या मास्तरांपर्यंत सगळ्यांनी विचारला. प्रश्न बिनतोड होता. चिडचिड व्हायची ती त्यामुळेच. आज नातवंडांना सांगू लागले की तीही हाच प्रश्न विचारतात आणि माझा आवाज आपोआप चढतो.

तर गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून नागपूरच्या एका संगणक विकणाऱ्या दुकानात लागले होते. माहेर पांढुर्ण्याचं, म्हणून मालकांनी पांढुर्णा-सौसरचा सगळा पट्टा माझ्या गळ्यात मारला. तेव्हाची ही शालू म्हणजे काय चीज होती, ते एकदा सांगून टाकते. खांद्याला चामड्याची बॅग, खिशाला टेस्टर, आणि चेहऱ्यावर असा भाव की सारं गाव आजवर अंधारात चाचपडत होतं आणि आता बाई नागपूर-इटारसी पॅसेंजरमधून दिवा घेऊन उतरल्या आहेत. समोरच्याला कळलं नाही की ती तेच वाक्य अधिक इंग्रजी घालून पुन्हा म्हणायची. आज ती मला रस्त्यात भेटली तर मी पलीकडच्या फुटपाथवरून जाईन.

मी जे संगणक बसवत होते त्यांना डिस्क नसायची. ना आतली, ना बाहेरून घालायची फ्लॉपी. डिस्क तेव्हा भलती महाग. म्हणून एकच मोठं मशीन घ्यायचं, त्यात डिस्क, त्याला म्हणायचं सर्व्हर. बाकीची मशीनं नुसते डबे: पडदा, कीबोर्ड, आणि आत एक कार्ड. डबा चालू केला की त्याला एकच गोष्ट येते. तो तारेत ओरडतो, मी उठलो, मला कोणी काही द्या. सर्व्हर जागा असेल तर तारेतून त्याला अक्कल पाठवतो. मग तो डबा संगणक होतो. बंद केला की पुन्हा डबा. सगळी शिदोरी सर्व्हरमध्ये. एवढंच होतं ते. तेव्हा हे असं चार ओळींत सांगता आलं असतं तर माझं अर्धं रक्त कमी आटलं असतं.

पांढुर्ण्यात दोघा भावांचा टायपिंगचा क्लास होता. थोरले यशवंत सर. त्यांना सारं गाव मोठे सर म्हणायचं, आणि टायपिंग मीही त्यांच्याचकडे शिकलेली, बोटांवर पट्टी खात. धाकटे मधुकर सर. टायपिंगच्या जोडीला आता संगणकाचा कोर्स सुरू करायचा, असं त्यांनी ठरवलं तेव्हा मी आमच्या दुकानातर्फे जाऊन भाषण ठोकलं. सर्व्हर आणि सहा डबे. फ्लॉपीचं तोंडच नाही, म्हणजे पोट्टे खेळ आणून लावणार नाहीत. मोठ्या सरांना तेवढं एक वाक्य पटलं. बाकीचं त्यांनी ऐकलंच नाही. मीही त्यांना ऐकलं का म्हणून विचारलं नाही.

क्लास सुरू झाला आणि दुसऱ्या दिवसापासून निरोप यायला लागले: मशीनं मेली. मी जायची, चालू करायची, चालायची. मी परतले की मेलीच. शेवटी एक सकाळ मी तिथंच ठिय्या दिला. मोठे सर आले. चपला बाहेर काढल्या. झाडणं झालं. मग दाराजवळचा पहिला डबा चालू केला, मग दुसरा, असे ओळीनं सगळे डबे. त्यानंतर हातपाय धुऊन आतल्या खोलीत गेले, सर्व्हरला उदबत्ती ओवाळली, आणि सगळ्यात शेवटी त्याचं बटण दाबलं. तोवर बिचारे डबे तारेत ओरडून ओरडून घसा बसून गप्प झाले होते.

"सर, आधी सर्व्हर," मी म्हटलं. "मग बाकीचे."

"आधी घर झाडते का आधी देव बसवते, शालू?"

"हा देव नाही सर."

"तूच म्हणे ना, सगळं त्याच्यातच हाय म्हणून."

मी भिंतीवर सूचना चिकटवली. त्यांनी सूचनेलाही उदबत्ती ओवाळली. शेवटी उदबत्ती तशीच ठेवून क्रम उलटा करायला मला बरेच दिवस लागले, आणि तेही त्यांनी "देव उठल्यावर घर उठते" असा स्वतःचा शोध लावला म्हणून. माझं ऐकून नव्हे.

मग दोघा भावांचं फाटलं.

भांडणाचं कारण मला शेवटपर्यंत कळलं नाही. मोठे सर सांगायचे, मध्या उलट बोलला. मधुकर सर सांगायचे, दादानं पोरांसमोर अपमान केला. कशावरून, विचारलं की दोघंही पंख्याबद्दल काहीतरी बोलायचे. आमच्या गावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून दोन गावं एकमेकांवर दगड मारतात, पण ते निदान वर्षातून एकदा. या दोघांचं बाराही महिने चालू झालं. शेवटी नात्यातले पंच बसले आणि वाटणी झाली. घर, शेत, टायपिंगची यंत्रं आणि संगणक.

मी तेव्हा नागपुरात होते. मला कोणी विचारलं नाही, कारण वाटणी ही घरची गोष्ट. पंचांनी नग मोजले. थोरला म्हणून थोरल्याला मोठं मशीन आणि दोन लहान. धाकट्याला चार लहान. थोरल्याला तीन नग, धाकट्याला चार. धाकट्याच्या पदरात एक जास्तीचा टाकला म्हणून पंचांची वाहवा झाली. आणि तक्रारीला जागा नको म्हणून तारही हातानं मापली आणि पकडीनं बरोबर मधोमध कापली.

मधुकर सरांनी आपले चार डबे टेम्पोत घातले, बायकोलेकरांसह बिऱ्हाड सौसरला नेलं, बाजारामागं दोन खोल्या घेतल्या, पाटी लावली, नारळ फोडला, मुलींचे प्रवेश घेतले आणि चौघा प्रतिष्ठितांसमोर बटण दाबलं.

एकही पडदा उजळला नाही. मला निरोप आला, आणि मी पोचल्या पोचल्या त्यांनी विचारलं, "दादानं काय काढून घेतलं याच्यातलं?"

"काही नाही काढलं."

"मंग काहून नाही चालून राहिले?"

"यात काही नसतंच, सर. मी सांगितलं होतं तेव्हा."

"तेव्हा चालत होते ना?"

"तेव्हा सर्व्हर होता."

"म्हणजे दादानं मले रिकामे डबे देले." ते खुर्चीत बसले. "मी सांगत होतो साऱ्याइले. वाटणीच्या आधी जीव काढून घेतला माणसानं."

मी समजावलं. आकृती काढली. बाण काढले. बाणांवर इंग्रजीत नावं लिहिली. मधुकर सरांनी आकृती नीट पाहिली आणि म्हणाले, "मंग पांढुर्ण्यावरून एक तार टाकून घेऊ. वीज नाही का येत?"

त्या तारेला एका वाड्याच्या लांबीपेक्षा जास्त दम नसतो, हे सांगितल्यावर ते माझ्याकडे असे बघू लागले जसं मीही मोठ्या भावाच्या बाजूनं उभी आहे. नागपूरच्या मालकांना ट्रंककॉल केला. नवी डिस्क? मुंबईहून येईल, कधी ते सांगता येत नाही. "तू तिथं काहीतरी जुगाड कर," ते म्हणाले आणि फोन ठेवला. या वाक्यावर माझ्या नोकरीची पहिली दहा वर्षं गेली.

खरी अडचण भावांची नव्हती. ती त्या खोलीत बाकावर बसलेल्या मुलींची होती. पांढुर्ण्याचा क्लास त्यांच्या कामाचा नव्हता, कारण रोज बसनं तिकडं जाऊ देणारं घर सौसरात तेव्हा विरळाच. मधुकर सरांनी क्लास गावात आणला म्हणून त्या आल्या. त्यांतली कुंदा नावाची एक जवळच्या खेड्यातून सायकलनं यायची. घरी कपाशी आणि थोडी संत्री. तिचे बाबा एकदा स्वतः आले होते आणि माझ्यादेखत सरांना म्हणाले होते, "परीक्षा देऊन कागद आणला तर पुढं शिकवीन. नाही तर पाहुणे तयारच हायेत. मी दोन्हीले तयार हावो." माणूस वाईट नव्हता. त्यानं व्यवहार सांगितला होता.

सहा महिन्यांनी परीक्षक येणार होता. आणि मुली कागदावर पेन्सिलनं काढलेल्या कीबोर्डवर बोटं आपटत होत्या.

मी मोठ्या सरांकडे गेले. सर्व्हर आठवड्यातून काही दिवस सौसरला द्या म्हटलं.

"काहून देऊ? त्याच्या वाटणीचे चार नग त्यानं चालवावे. मी माये तीन चालवून राहिलो."

"सर, त्याचे चार तुमच्या एकाशिवाय चालत नाहीत."

"मंग पंचाइले विचार. त्याइनं मोजून देले."

मी पंचांकडेही गेले. काय गाढवपणा. पंचांपैकी ज्येष्ठ गृहस्थ ओसरीवर सुपारी कातरत होते. त्यांना मी आकृती दाखवली, बाणांसकट. त्यांनी ती उलटी धरली आणि म्हणाले, "एकदा झालेली वाटणी मोडत नाही, बाई. उद्या लोक म्हशीसाठी येतीन."

तोडगा निघाला तो भावांच्या आईकडून, आणि तोही तिनं तोडगा म्हणून काढला नव्हता. वाटणीत आईचीही वाटणी होते आमच्याकडे; त्याला पाळी लावणं म्हणतात. एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे. मायची ट्रंक, मायचा पितळी डबा आणि माय, बसनं इकडून तिकडे. त्या दिवशी मी मोठ्या सरांशी तिसऱ्यांदा तेच डोकं फोडत होते आणि माय दाराशी बसून पाळी संपल्यामुळे ट्रंकेत लुगडी भरत होती.

"काय मांगून राहिली ही?" तिनं विचारलं.

"मशीन. मध्याले पाहिजे म्हणते."

"तुयं काय म्हणणं?"

"माया वाटणीचं हाय."

माय लुगड्याची घडी घालत म्हणाली, "मी कोणाच्या वाटणीची हावो रे? मले हिंडवता ना ट्रंक घेऊन या वयात. मंग त्याले काय झालं? त्याचे तर गुडघेही नाही दुखत."

मोठ्या सरांचे कान लाल झालेले मी पाहिले. मग म्हणाले, "दिवसाआड. अन् नेणं-आणणं तू करशील. मध्यानं हात नाही लावायचा."

तेव्हाच्या शालूला वाटलं, आपण जिंकलो. आता बघा ती काय जिंकली होती.

मंगळवार, गुरुवार, शनिवार सर्व्हर सौसरला. बाकीचे दिवस पांढुर्ण्याला. म्हणजे माहेरी मुक्काम ठोकून जवळजवळ रोज ते धूड उचलायचं. सर्व्हरच्या आत एक चकती गरगर फिरते आणि तिच्यावर केसाइतक्या अंतरावर एक सुई तरंगत असते. हलवण्याआधी हुकूम देऊन त्या सुईला कोपऱ्यात नेऊन बसवावं लागतं. विसरलात तर पहिल्या खड्ड्याला सुई चकतीवर आपटते आणि सगळं शिकवलेलं पुसलं जातं. आणि पांढुर्णा-सौसर रस्त्याला पहिला खड्डा शोधावा लागत नसे.

धक्का बसू नये म्हणून संत्र्याच्या अडतदाराकडून एक मोठी पेटी आणली. दिल्लीला जाणारी संत्री धानाच्या तणसात बसवतात तसा सर्व्हर तणसात बसवला. ही माझीच हुशारी. परिणाम असा की दर वेळी पोचल्यावर त्याच्या पंख्यातून चिमट्यानं तणसाच्या काड्या काढत बसायची. पेटी जीपमध्ये मांडीवर. जीपवाला रामदासभाऊ देवभोळा. सौसरच्या अलीकडे जामसांवलीचा फाटा आला की गाडी थांबवून हनुमानाला जाऊन येणारच. मंगळवारी आणि शनिवारी तिथं रांग. तो रांगेत, मी उन्हात, मांडीवर ते ओझं, आणि दर्शनाला जाणाऱ्या बाया जीपमध्ये डोकावून विचारणार, "काय नेऊन राहिली वं, संत्री?"

"हो," मी म्हणायची. खरं सांगण्याची ताकद संपली होती.

"कशी देल्ली?"

एकदा एकीनं भाव ठरवायच्या आत पेटीत हातही घातला.

तरीही मशीन चाललं. सौसरच्या मुली दिवसाआड शिकल्या. मधल्या दिवशी पेन्सिलच्या कीबोर्डवर. कुंदाची बोटं तर अशी पळायची की मशीन चालू असलेल्या दिवशी ती मशीनवर रागवायची, हे हळू चालते म्हणून. भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते ते नव्हतेच. निरोप माझ्यामार्फत. "त्याले सांग, बटन जोरात दाबत जाऊ नको." "दादाले सांगजो, उदबत्तीची राख पडते त्याच्यात." मी संगणकाची इंजिनिअर होते. माझं कार्ड होतं तसं छापलेलं.

मग परीक्षेचं पत्र आलं. परीक्षक छिंदवाड्याहून येणार. एकाच दिवशी दोन्ही केंद्रं: सकाळी पांढुर्णा, दुपारी सौसर. आणि दिवस शुक्रवार. म्हणजे मोठ्या सरांच्या पाळीचा.

मी मोठ्या सरांना विचारलं, सकाळचं संपलं की दुपारी सर्व्हर सौसरला नेऊ ना? ते म्हणाले, "शुक्रवार हाय." मधुकर सरांना म्हटलं, तुम्ही एकदा येऊन विचारा. ते म्हणाले, "त्यांच्या दारात मी उभा नाही राहणार. पोरींचं नशीब." हे म्हणताना त्यांनी बाकाकडे पाहिलं नाही. कुंदा मात्र माझ्याकडे पाहत होती. तिनं विचारलं, "ताई, मशीन नाही आलं तर कागदावर घेतीन का परीक्षा?" मी म्हटलं, मशीन येईल. कशाच्या जोरावर म्हटलं, कोण जाणे. त्या वयात मी बऱ्याच गोष्टी अशाच म्हणायची.

शुक्रवारी पांढुर्ण्याची परीक्षा सुरळीत झाली. परीक्षक स्थूल, शांत, पान खाणारे. कागद आवरताना त्यांनी मोठ्या सरांना विचारलं, "सौसर वाला सेंटर भी आप ही का है ना? अर्जी में नाम तो आपका है."

खरंच होतं ते. मान्यतेचा अर्ज वाटणीच्या आधीचा, म्हणून नाव थोरल्याचं; सौसर मागून त्याच अर्जात जोडलेलं. आता थोरल्यानं "नाही" म्हटलं की संपलं. केंद्र रद्द, परीक्षा रद्द, आणि त्यासाठी कोणाशी भांडायचीही गरज नाही. एक शब्द पुरे होता.

मी कीबोर्डवर हात ठेवून बसले होते. मोठे सर टोपी काढून पुसत उभे राहिले. टोपी धुतलेली होती, पुसण्यासारखं तिच्यात काही नव्हतं.

"हमारा ही है," ते म्हणाले. मग माझ्यावर खेकसले, "पाहून काय राहिली? बंद कर ना त्याले. सुई बसव कोपऱ्यात."

पेटी भरली. मी उचलायला गेले तर म्हणाले, "सोड. मी घेतो," आणि पेटी घेऊन स्वतःच जीपमध्ये बसले. पुढं परीक्षक, मागं आम्ही दोघं. मोठ्या सरांनी पेटी मांडीवर अशी धरली होती की खड्डा आला की ते बसल्या जागेवरून अर्धे उठायचे आणि धक्का स्वतःच्या पायांत घ्यायचे. रामदासभाऊनं जामसांवलीच्या फाट्यावर सवयीनं गाडी हळू केली.

"हनुमान इथूनच पाहते," मोठे सर म्हणाले. "चाल."

सौसरला क्लाससमोर जीप थांबली. मधुकर सर पायरीवर होते. भावाला पाहून ते उठलेही नाहीत आणि बसूनही राहिले नाहीत, मधल्या अवस्थेत थांबले. परीक्षक आत गेले.

"मी नाही उतरत," मोठे सर मला म्हणाले. "हे आत ने."

मी हात पुढं केले. त्यांनी पेटी सोडली नाही.

"तुले नाही झेपत."

"मग मधुकर सरांना द्या."

"तो पाडते."

म्हणजे उतरणं आलं. उतरले. पायरी चढले. धाकट्याच्या घरात पाय ठेवणार नाही असं सगळ्या बाजारासमोर बोललेला माणूस पेटी पोटाशी धरून आत गेला आणि विचारू लागला, कुठं ठेवू.

सर्व्हर लावला. तणस झटकलं. चालू केला. मग मुलींना म्हटलं, आता तुमचे लावा. चारही डबे तारेत ओरडले आणि चारही गप्प झाले. पुन्हा केले. पुन्हा तेच. परीक्षक घड्याळ पाहत नव्हते, पण पान संपवत होते.

या तारेचा एक भिकार स्वभाव होता. तिच्या दोन्ही टोकांना बोटाच्या पेराएवढी धातूची टोपी लागते. ती नसेल तर तारेतलं बोलणं टोकाला आपटून परत येतं, आणि सगळा गलका होऊन कोणालाच काही ऐकू येत नाही. खिडकीखालच्या टोकाची टोपी फिरवून अडकवायची खुंटी तुटली होती. केर काढताना खाट ढकलली असणार. टोपी होती, पण बसत नव्हती. बोटांनी दाबून धरली की पडदे उजळायचे. सोडली की मेले. आणि दुसरी टोपी नागपुरात.

मी धरून बसू शकत नव्हते. मला सर्व्हरवरून मुलींचे पेपर सोडायचे होते. मधुकर सरांना परीक्षकांबरोबर मुलींमागं उभं राहायचं होतं. मुलींचे हात तर परीक्षेलाच बसलेले. खोलीत रिकामा असा एकच माणूस होता, आणि तो दाराशी चपला शोधत होता.

"सर," मी म्हटलं.

"काय?"

मी खिडकीखाली बोट दाखवलं.

मोठ्या सरांनी वाकून पाहिलं, धोतर सावरलं, टेबलाखाली शिरून उकिडवे बसले आणि दोन्ही हातांनी टोपी दाबून धरली. पडदे उजळले, एकापाठोपाठ एक.

"हलू नका."

"तू तुयं काम पाय."

परीक्षा सुरू झाली. थोड्या वेळानं परीक्षकांचं लक्ष टेबलाखाली गेलं. "ये नीचे क्यों बैठे हैं?"

"हेड हैं, सर," मी म्हटलं. "ऐसे ही बैठते हैं."

परीक्षकांनी मान हलवली. त्यांनी आयुष्यात बरेच हेडमास्तर पाहिले असावेत.

निकाल सांगून टाकते, म्हणजे कोणाचा जीव टांगणीला नको. चौघीही पास झाल्या. कुंदा पहिली आली, तिच्या बाबांनी शब्द पाळला, आणि पुढं ती नागपूरला शिकली. मुंबईची डिस्क त्यानंतर एका पावसाळ्यानं आली, जेव्हा तिची कोणालाच तितकीशी गरज राहिली नव्हती. अशा डिस्का आयुष्यभर अशाच येत राहिल्या. माझ्या कामाचं हे एक कायमचं दुःख.

पण त्या दुपारी निकाल कोणाला माहीत होता. नुसता कीबोर्डचा खडखडाट, आणि टेबलाखाली मोठे सर. त्यांचा घाम नाकाच्या शेंड्याला येऊन थेंब लोंबत होता, आणि तो पुसायलाही हात नाही. एकदा माशी बसली. पडदे फडफडले. कुंदानं खाली न पाहता म्हटलं, "सर, धरून ठेवा ना," आणि ज्या माणसानं माझ्या बोटांवर पट्ट्या मारल्या होत्या तो निमूट म्हणाला, "हो."

तेवढ्यात आतून चहा आला. मधुकर सरांनी परीक्षकांना दिला, मला दिला. तिसरा कप हातात घेऊन ते खोलीच्या मध्यावर उभे राहिले. मग टेबलापाशी गेले, आणि कप खाली जमिनीवर ठेवला. मोठ्या सरांनी कपाकडे पाहिलं, आपल्या हातांकडे पाहिलं, आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

मधुकर सर खाली बसले. टेबलाखाली वाकून दोघांची डोकी जवळजवळ टेकली. त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली, आणि बशी भावाच्या तोंडाशी नेली.

मोठे सर घोटभर प्याले.

"साखर कमी हाय."

"तेवढीच भेटन," मधुकर सर म्हणाले. "शुगर हाय ना तुम्हाले. गोळी घेतली का सकाळी?"

"घेतली."

"खोटं."

मधुकर सरांनी बशीत उरलेला चहा ओतला आणि पुन्हा फुंकर घातली. वर मुली टाईप करत होत्या. मी पडद्यावरची नजर हलवली नाही, कारण तेवढं एक तरी काम मला नीट करायचं होतं.